लिहायला विषय सुचत नाही, की सुचलेला टिकत नाही?

कोरी पाटी

गेली दोन वर्षे रोज रात्री अर्धा तास मी लिहिण्यासाठी राखून ठेवला आहे. वेळ आहे, वही आहे, इच्छाही आहे. नाही तो विषय. दिवसभरात बऱ्याच गोष्टी मनात चमकून जातात आणि त्या मी इमानेइतबारे टिपूनही ठेवतो. मात्र रात्री वही उघडली की दुपारी ज्या ओळीने चालता चालता थांबायला लावले होते, ती ओळ कुणा तिऱ्हाइताने लिहिल्यासारखी निर्जीव वाटते. आजमितीस अशा ४३ नोंदी साठल्या आहेत आणि त्यांतील एकीचाही लेख झालेला नाही.

म्हणून येथील लिहित्या मंडळींना दोन प्रश्न विचारतो. तुम्हाला विषय कोठून मिळतात, हा पहिला. दुसरा माझ्या दृष्टीने अधिक निकडीचा आहे: सुचलेले रात्रीपर्यंत जिवंत राहावे, यासाठी तुम्ही नेमके काय करता? ‘वाचन वाढवा’ आणि ‘अनुभव घ्या’ हे दोन सल्ले मला यापूर्वीच मिळाले असून दोन्हींचे पालन चालू आहे, तेव्हा शक्यतो ते वगळून लिहावे ही विनंती.

खोडरबर

वाचन वाढवा आणि अनुभव घ्या.

(क्षमस्व. राहवले नाही.)

अर्धविराम

माझा अनुभव तुमच्या नेमका उलट आहे. मीही पूर्वी वही बाळगत असे आणि ती कपाटात टाकल्यापासूनच माझे लेखन सुरू झाले. टिपून ठेवले की मनाला ते काम उरकल्यासारखे वाटते आणि मन त्या गोष्टीचा नाद सोडते. न टिपता सोडून दिले, तर ज्या गोष्टीत खरोखर काही असते ती चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी, आंघोळ करताना किंवा झोप लागता लागता पुन्हा दार ठोठावते. जी परत येत नाही ती गेलेलीच बरी. विसरणे ही माझी चाळणी आहे आणि ती फुकट मिळते.

पानगळ

अर्धविराम, ही चाळणी तुमच्यासाठी उत्तम असेल, पण ती सर्वांची सारखी नसते. माझ्या चाळणीतून केवळ अपमान वर राहतात. बाकी सारे गळून जाते. मी नोंदी ठेवल्या नसत्या तर आयुष्यभर एकाच प्रकारचे, कुणाचा तरी सूड उगवणारे लेख लिहीत बसले असते.

नोंदवही नीटनेटकी असली पाहिजे, हा समज मात्र सोडून द्यावा असे मला वाटते. अगाथा ख्रिस्ती यांच्या ७३ वह्या उपलब्ध आहेत आणि त्यांत कमालीचा गोंधळ आहे. एका वेळी अनेक वह्या चालू, एकाच कथानकाचे तुकडे भलत्याच वह्यांत विखुरलेले, बऱ्याच नोंदींवर तारीख नाही आणि कोठे कोठे मध्येच घरगुती खरेदीच्या याद्या. त्या नोंदी म्हणजे बहुतांशी स्वतःलाच विचारलेले प्रश्न आहेत: हा मारेकरी असेल तर? ती नसून तिची बहीण असेल तर? मूळ लेखकास विचारावेसे वाटते की तुमच्या ४३ नोंदींपैकी किती नोंदींच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे?

कोरी पाटी

पानगळ, आत्ताच वही उघडून पाहिली. एकाही नोंदीच्या शेवटी नाही. उद्गारचिन्हे मात्र अकरा सापडली.

खोडरबर

अकरा उद्गारचिन्हे ही एक स्वतंत्र आत्मकथाच आहे.

उणे एक

मी ललित लेखन करीत नाही. माझा विषय गणित आहे. तरीही ‘अचानक सुचणे’ या प्रकाराविषयीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला आमच्याकडचा असल्यामुळे येथे लिहिण्याचे धाडस करतो. फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांनी १९०८ मधील एका व्याख्यानात सांगितले की, प्रवासात एका गाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी, त्या वेळी मनात त्या विषयाचा मागमूसही नसताना, आपण ज्या रूपांतरणांशी झटत होतो ती आणि अयुक्लिडीय भूमितीतील रूपांतरणे एकच आहेत, असे त्यांना लख्ख दिसले. हा प्रसंग सर्वांना पाठ असतो. त्याआधी पंधरा दिवस ते रोज तासदोन तास मेजाशी बसून निरनिराळ्या जुळण्या करून पाहत होते आणि हाती काहीही लागत नव्हते, हा त्याच व्याख्यानातील भाग सहसा कोणी सांगत नाही.

पुढे ब्रिटिश विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये या प्रक्रियेचे चार टप्पे मांडले: पूर्वतयारी, उबवण, उजाळा आणि पडताळणी. कोरी पाटी, तुमच्याकडे पायरी आहे, पंधरा दिवस नाहीत. दुपारी चमकले आणि रात्री लिहायला घेतले, यात उबवणीला सात-आठ तास मिळतात. कोंबडीसुद्धा अंड्यावर एकवीस दिवस बसते.

अर्धविराम

म्हणजे माझेच म्हणणे झाले. वही बंद करा आणि वाट पाहा.

उणे एक

नाही, अर्धविराम. वाट पाहणे आणि झटून मग वाट पाहणे यांत फरक आहे. तुमचा पहिला टप्पाच गायब आहे. तो तुम्ही नकळत पार पाडत असाल, परंतु मूळ लेखकाने नुसतीच वाट पाहिली तर आणखी दोन वर्षे जातील.

दिवेलागण

मला चालताना सुचते, एवढेच सांगायला आले होते. कागद-पेन न घेता चालायचे आणि परत आल्यावर जे आठवेल तेवढेच लिहायचे, अशी माझी पद्धत आहे. अर्धविराम आणि पानगळ या दोघांची भांडणे मिटविण्याचा हा मधला मार्ग समजावा.

उणे एक

दिवेलागण ताई, याला प्रयोगाचा आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चालणाऱ्यांना बसलेल्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक कल्पना सुचल्या. गंमत अशी की, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यांत्रिक पट्ट्यावर चालणाऱ्यांनाही हा लाभ झाला. म्हणजे श्रेय निसर्गसौंदर्याचे नसून पायांचे. चालणे थांबवून बसल्यावरही काही काळ तो परिणाम टिकला. मात्र ज्या कोड्यांना एकच अचूक उत्तर असते ती सोडविण्यात चालणारे किंचित मागेच पडले. यावरून मी आपला असा सोयीचा अर्थ काढला आहे की सुरुवात चालत शोधावी आणि शेवट बसून.

तळटीप

चर्चा वाचून बराच वेळ गप्प होतो. पण मूळ लेखकाच्या दुसऱ्या प्रश्नाला अद्याप कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. दुपारी जिवंत असलेली ओळ रात्री मरते, ती का?

सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर या संस्कृत कवीने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात कवीची दिनचर्या सांगितली आहे. दिवसाचे चार प्रहर. पहिल्यात अध्ययन, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात काव्यगोष्टी आणि चौथ्यात, एकट्याने किंवा मोजक्या जाणकारांसह, सकाळी रचलेल्याची परीक्षा. ही परीक्षा निराळ्या प्रहरात का, याचे त्याने दिलेले कारण मला फार मोलाचे वाटते: रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याजवळ त्या क्षणी विवेचक दृष्टी नसते, म्हणून नंतर तपासावे. प्रतिभेचेही तो दोन प्रकार मानतो. निर्माण करणारी ती कारयित्री आणि आस्वाद घेऊन पारखणारी ती भावयित्री. या दोन्ही एकाच ठिकाणी असतातच असे नाही, हेही तो सांगतो.

आता तुमची दिनचर्या पाहू. दुपारी एक ओळ सुचते. त्यानंतर रचना होतच नाही. रात्री थकलेल्या अवस्थेत तुम्ही वही उघडता, ते रचण्यासाठी असे तुम्ही समजता. परंतु तुमचे पहिले काम असते जुनी नोंद वाचून ती बरी आहे की नाही हे ठरविणे. म्हणजे दुसरा प्रहर गाळून तुम्ही थेट चौथ्यात शिरता. जे अजून रचलेच नाही त्याची परीक्षा घेतली तर ते अनुत्तीर्णच होणार. नोंद रात्री मरत नाही, तिचा निकाल आधीच लावला जातो.

पानगळ

तळटीप, हा प्रतिसाद वाचनखुणांत साठविला आहे. एक शंका मात्र राहते. राजशेखराच्या कवीला चारही प्रहर मोकळे होते. आम्हाला अर्धा तास मिळतो, त्यात प्रहर कोठून आणावेत?

तळटीप

रास्त शंका आहे. त्याच्या वर्णनातील कवीला परिचारक आणि लेखनिकही आहेत. आपल्याला त्यातले काहीच परवडणार नाही. परंतु प्रहर लहान करता येतात. पंधरा मिनिटे न थांबता, न खोडता लिहावे आणि ते तपासण्याचे काम दुसऱ्या दिवसावर, शक्यतो वेगळ्या वेळेवर ढकलावे. वेळ किती यापेक्षा दोन कामे एकमेकांच्या पायांत येत नाहीत ना, हे पाहणे आवश्यक आहे.

शेवटचा बाक

माझी अडचण निराळी आहे. मला विषय भरपूर सुचतात, पण प्रत्येकावर कोणी ना कोणी आधीच लिहून ठेवलेले असते आणि तेही माझ्यापेक्षा कितीतरी सरस. मग वाटते, आपण कशाला भर घालावी?

तळटीप

शेवटचा बाक, ही तक्रारही जुनीच आहे. जगातील सारे काही बाणभट्ट या कवीने उष्टे करून ठेवले आहे, असे संस्कृतात म्हणतच आले आहेत. त्याला काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाचे उत्तर असे की, आधी पाहिलेले अर्थही रसाचा स्पर्श होताच वसंतातील झाडांप्रमाणे नवे भासतात. झाड तेच असते. पालवी गेल्या वर्षीची नसते. नवीन झाड शोधत रानोमाळ हिंडण्याची गरज नाही.

खोडरबर

राजशेखराने याहून थेट लिहिले आहे ना? चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला व्यापारी नाही, असे काहीसे. आमच्या साऱ्या लेखनसिद्धान्ताचा पाया तोच एक आहे.

तळटीप

आहे, पण पुढचे अर्धे तुम्ही सोयीस्करपणे गाळलेत. ज्याला लपविता येते तो निंदा न होता सुखाने राहतो, असे तो पुढे म्हणतो. आपली अडचण तेथे आहे.

जिना

मला स्वतःला बंधनाचा फार उपयोग झाला. विषय शोधायचाच नाही, एक नियम घ्यायचा. दोनशे शब्द लिहायचे आणि त्यांत ‘मी’ एकदाही येऊ द्यायचा नाही. किंवा ‘आहे’ आणि ‘होते’ ही क्रियापदे वर्ज्य करायची. नियम सांभाळण्यात मन इतके गुंतते की विषयाची चिंता करणारा भाग रिकामा राहत नाही आणि विषय मागच्या दाराने आत येतो. याच वाटेने जॉर्ज पेरेक यांनी १९६९ मध्ये ‘ई’ हे अक्षर पूर्णपणे टाळून अख्खी फ्रेंच कादंबरी लिहिली, आणि फ्रेंचमध्ये ते सर्वाधिक वापरले जाणारे अक्षर आहे. मराठीत ‘आ’चा काना टाळून एक परिच्छेद लिहून पाहावा. मी पाहिला. चौथ्या ओळीला घाम फुटला, परंतु त्या चार ओळींत माझ्या हातून पूर्वी कधी न उमटलेले तीन शब्द आले.

अर्धविराम

हा व्यायाम झाला, लेखन नव्हे. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही त्याला नियम देऊन काय साधणार?

जिना

सांगण्यासारखे काही आहे की नाही, हे लिहिण्यापूर्वी तुम्हाला कळते, याबद्दल अभिनंदन. मला ते तिसऱ्या पानाआधी कधीच कळलेले नाही.

दिवेलागण

वाद रंगला आहे, पण मला एक जड गोष्ट येथे ठेवायची आहे. विषय कोठून मिळतात, याचे माझे प्रामाणिक उत्तर ‘माझ्या माणसांकडून’ असे आहे, आणि त्याची किंमत मोजावी लागते.

काही वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या बहिणीने अतिशय विश्वासाने सांगितलेल्या एका प्रसंगावर मी कथा लिहिली. नाव बदलले, व्यवसाय बदलला, वय दहा वर्षांनी वाढविले. प्रसंगसुद्धा इतका फिरविला होता की तो ओळखू येणे अशक्य होते. तिने तरीही ओळखले, आणि तेही प्रसंगावरून नव्हे. माझ्या पात्राला उत्तर द्यायचे नसले की ते चष्मा काढून पदराच्या टोकाने उगाचच पुसत बसे, ही लकब ताईची होती आणि मी ती घेतली आहे हे मला लिहिताना जाणवलेही नव्हते. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, “मला वाटलं, तू ऐकते आहेस. तू तर टिपत होतीस.” पुढे जवळजवळ वर्षभर आमच्यात कामापुरतेच बोलणे होते.

तेव्हापासून मी माणसांसमोर वही काढत नाही. मनातल्या वहीचे मात्र काय करायचे, ते मला अद्याप उमगलेले नाही.

पानगळ

दिवेलागण, हे वाचून थोडा वेळ काही लिहावेसेच वाटले नाही. त्या कथेचे पुढे काय केलेत?

दिवेलागण

प्रसिद्ध झाली होती, त्यामुळे परत घेण्यासारखे काही उरले नव्हते. मी केलेल्या लेखनात ती सर्वांत चांगली आहे, हे मला आणि ताईला दोघींनाही ठाऊक आहे. त्याविषयी आम्ही बोलत नाही.

खोडरबर

प्रथमच गंभीरपणे लिहितो. आमच्या मातोश्री हल्ली काहीही सांगण्यापूर्वी “लिहिणार नसशील तर सांगते” अशी प्रस्तावना करतात. मी शब्द देतो आणि पाळतो. त्यामुळे माझ्याकडची सर्वोत्तम सामग्री कायमची कुलूपबंद आहे आणि तुम्हाला माझे विनोद सोसावे लागत आहेत.

मुद्रितशोधक

तीस वर्षे दुसऱ्यांचे लेखन तपासण्यात गेली, स्वतः फारसे लिहिले नाही. त्यामुळे माझे म्हणणे बाहेरच्या माणसाचे समजावे. चर्चा छान चालली आहे, परंतु ज्या ४३ नोंदींवरून ती सुरू झाली त्यांतील एकही नोंद अजून कोणी पाहिलेली नाही. कोरी पाटी, पाचसहा नोंदी जशाच्या तशा येथे द्याल का? सजवू नका.

कोरी पाटी

संकोच वाटतो, पण देतो. क्रमाने सहा:

गर्दीतला एकटेपणा!
जुनी पत्रे.
बंद पडलेले घड्याळ – काळाचे प्रतीक?? (येथे प्रश्नचिन्ह निघाले की!)
लिफ्टमध्ये दोन अनोळखी माणसे एकदमच घड्याळात पाहतात.
शब्दांचे ओझे!
बाबा रेडिओ बंद करून मगच उत्तर देत.

मुद्रितशोधक

आभारी आहे. माझ्या दृष्टीने येथे दोन निरनिराळ्या जातींच्या नोंदी आहेत. चार नोंदींत क्रियापद नाही, दोनांत आहे. ‘गर्दीतला एकटेपणा’ हे शीर्षक झाले. तेथे काही घडत नाही, म्हणून रात्री वही उघडल्यावर तुम्हाला सारे काही शून्यातून उभे करावे लागते आणि ते होत नाही. लिफ्टमधली माणसे मात्र काहीतरी करतात. बाबा काहीतरी करतात, आणि पुनःपुन्हा करतात. दुपारी तुम्ही जे पाहिले त्याचा तुकडा त्या नोंदींत शिल्लक आहे. उरलेल्या चारांत तुम्ही पाहिलेले फेकून देऊन त्याचा काढलेला अर्थ तेवढा ठेवला आहे. जुनी पत्रे पाहिलीत तेव्हा नेमके काय पाहिलेत? कोणी ती फाडत होते, लपवत होते, की मोठ्याने वाचत होते? ते लिहून ठेवले असते तर पुरले असते.

अर्धविराम

नियम म्हणून हे मान्य नाही. माझा एक बऱ्यापैकी जमलेला लेख ‘शिल्लक’ या एकाच शब्दातून आला. त्यात क्रियापद कोठे आहे?

मुद्रितशोधक

ते तुमच्याजवळ होते, म्हणून लिहून ठेवण्याची गरज पडली नाही. आपणच वर सांगितलेत की आपल्याला वही लागत नाही.

खोडरबर

अर्धविरामाला पूर्णविराम मिळाला.

उणे एक

रेडिओच्या नोंदीविषयी कुतूहल आहे. ती तुम्ही का टिपलीत? रशियन कथाकार चेखव यांच्याविषयी अशी आठवण सांगतात की त्यांनी मेजावरची राखदाणी उचलून ‘उद्या यावर कथा हवी असेल तर तयार असेल’ असे म्हटले. त्यावरून कोणतीही वस्तू चालते असा बोध काढला जातो. राखदाणी उचलणारे चेखव होते, हे त्यात विसरले जाते. आपल्यासारख्यांना कोणतीही वस्तू चालत नाही. ती आपल्यालाच का अडली, हे कळावे लागते.

कोरी पाटी

तीन दिवसांनी लिहितो आहे, क्षमस्व. आधी हिशेब देतो. ४३ पैकी ३६ नोंदींत क्रियापद नव्हते. त्या सर्व खोडल्या. खोडताना आठ नोंदींच्या बाबतीत मूळ प्रसंग आठवला, तो बाजूला लिहून ठेवला. उरलेल्या अठ्ठावीस कशावरून लिहिल्या होत्या, ते अजिबात आठवले नाही.

उणे एक यांनी विचारले म्हणून रेडिओविषयी. बाबा प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी रेडिओ बंद करत, याचे मला कौतुक होते आणि त्यांच्या सौजन्यावर काहीतरी हृद्य लिहावे या हेतूने मी ती ओळ टिपली होती. तळटीप यांच्या सांगण्याप्रमाणे पंधरा मिनिटे न थांबता लिहायला बसलो. खोलीची मांडणी, रेडिओचा रंग, बटण फिरवताना होणारा आवाज असे एकेक लिहीत गेलो आणि बटणाच्या आवाजापाशी अडखळलो, कारण मला दोन आवाज आठवत होते. एक ‘खट्’ असा बंद होण्याचा. दुसरा तसा नव्हताच. केवळ निवेदकाचा स्वर खाली जाई. तेव्हा लक्षात आले की रेडिओ बंद होत असे तो धाकट्या भावाच्या प्रश्नाला. माझ्या प्रश्नाला बाबा आवाज कमी करत.

हे मला ठाऊक होते की नव्हते, सांगता येत नाही. टिपलेली ओळ तरी खोटीच होती.

पानगळ

या नोंदीपुढे आता प्रश्नचिन्ह लावायला हरकत नाही.

दिवेलागण

भावाला दाखवणार आहात का? सल्ला देत नाही, नुसते विचारते.

कोरी पाटी

दिवेलागण ताई, आधी लिहून तर होऊ दे. काल रात्री अर्ध्या तासात पाच ओळी झाल्या. त्या आज दुपारी वाचल्या. तीन ठेवल्या आहेत.